श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराज

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात १८६३ साली जन्मलेले गोपाळराव बाराव्या वर्षापर्यंत निरक्षर होते. १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हाररावांस बडोद्याच्या गादीवरून दूर केले आणि कै. खंडेरावांच्या राणी जमनाबाईसाहेब यांनी या शेतकऱ्याच्या मुलास दत्तक घेतले. संस्थानाच्या गरजेपायी एका बालकाचे गाव नि घर सुटले, ही गोष्ट त्यांचे चरित्र वाचताना आम्हांस विसरता येत नाही.

१८८१ च्या अखेरीस राज्याधिकार हाती आले. १८९३ मध्ये अमरेली भागात त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला व १९०६ मध्ये तो सर्व संस्थानास लागू केला. मुलगे ७ ते १२ वर्षांचे, मुली ७ ते १० वर्षांच्या. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड. शेतकऱ्यास हे सोपे नव्हते. आठ वर्षांचे पोर गुरे राखते, धाकट्या भावंडास सांभाळते. ते शाळेत बसले तर घरचे काम कोणी करावे? मूल आमचे, तेव्हा निर्णयही आमचा, हे म्हणणे निव्वळ अडाणीपणाचे नव्हते. पण या वादात ज्याच्या वतीने कोणी बोलत नव्हते, ते मूलच होते. महाराजांनी त्याचा पक्ष घेतला, आणि आमच्या मते तेच योग्य होते.

१९०४ च्या बालविवाहप्रतिबंधक कायद्यास मात्र तितके यश आले नाही. दंड हा लग्नखर्चाचाच एक भाग समजून लोक लग्ने लावीत राहिले.

देवालयाशी संबंध असलेल्या आम्हां मंडळींस १९१५ चा पुरोहित कायदा अधिक विचारात पाडतो. वृत्ती वंशपरंपरागत, म्हणून तो पुरोहिताचा हक्क. परंतु मंत्रार्थ न जाणता विधी उरकला, तर श्रद्धेने बसलेल्या यजमानाचे काय? महाराजांनी परीक्षा व परवाना आवश्यक केला. पिढीजात वृत्तीवर संसार चालविणाऱ्यांस तो जाचक वाटला असल्यास आम्हांस नवल वाटत नाही.

नामदार गोखले यांनी बडोद्याचाच दाखला देऊन १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले. पुढील वर्षी ते फेटाळले गेले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईस महाराजांचे निधन झाले. २००२ च्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षांच्या बालकांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि २०१० पासून तो अंमलात आला.