फातमा बेगम : कॅमेऱ्यामागची पहिली स्त्री

१९१३ साली दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’मधील तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही आणि अखेर साळुंके नावाच्या तरुणास लुगडे नेसवावे लागले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये भूमिका करून ती कोंडी फोडली खरी, परंतु स्त्रीने पडद्यावर यावे हे समाजाला त्यानंतरही बरीच वर्षे मानवले नाही. मराठी रंगभूमीवर तर बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांचे साम्राज्य होते.

अशा काळात, १९२२ साली, उर्दू रंगभूमीवरील अभिनेत्री फातमा बेगम ‘वीर अभिमन्यू’ या मूकपटातून पडद्यावर आल्या. कोहिनूर व इंपीरियल या मुंबईच्या नामांकित संस्थांत त्यांनी कामे केली. एवढ्यावरच समाधान मानले असते तरी त्यांना कोणी नावे ठेवली नसती. परंतु १९२६ साली त्यांनी स्वतःची ‘फातमा फिल्म्स’ ही संस्था काढली आणि ‘बुलबुल-ए-परिस्तान’ हा अद्भुतरम्य चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. भारतातील पहिली स्त्री-दिग्दर्शक हा मान त्यांच्याकडे जातो तो या चित्रपटामुळे. परीकथेला साजेशा छायाचित्रणाच्या करामती त्यात योजल्या होत्या. पुढे संस्थेचे नाव ‘व्हिक्टोरिया-फातमा फिल्म्स’ झाले. ‘हीर रांझा’, ‘शकुंतला’ असे चित्रपट निघाले. १९२९ नंतर मात्र हा निर्मितीचा प्रवाह आटला. अभिनय काही वर्षे चालू राहिला, तो इतरांच्या चित्रपटांत.

सुलताना, झुबेदा व शहजादी या त्यांच्या तिन्ही कन्या चित्रपटांत आल्या. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात झळकलेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या बोलपटाची नायिका झुबेदाच होय. त्यामुळे झुबेदाची आई एवढीच फातमा बेगम यांची ओळख अनेकांच्या लेखी उरली. हा न्याय नव्हे.

जर्मन रंगभूमीवरून आलेल्या लिओन्टिन सागान यांनी आपला पहिला चित्रपट दिग्दर्शित केला तो १९३१ साली, म्हणजे फातमा बेगम यांच्यानंतर पाच वर्षांनी. नाझी राजवटीत त्या चित्रपटावर बंदी आली. तरीही त्याच्या प्रती टिकल्या आणि अभ्यासक तो आजही पाहतात. ‘बुलबुल-ए-परिस्तान’वर कोणा हुकूमशहाची वक्रदृष्टी नव्हती, पण त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. बोलपट आल्यावर मूकपटांना गिऱ्हाईक उरले नाही. नायट्रेटची फीत ज्वालाग्राही. दमट हवेत ती कुजे, आणि चांदी काढण्यासाठी जुन्या फिती विकल्याही जात. भारतात निघालेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी अगदी मोजके हाती लागले आहेत.

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. फातमा बेगम निवर्तल्या १९८३ साली, वयाची नव्वदी उलटल्यावर. मधल्या एकोणीस वर्षांत चित्रपट सापडणे कदाचित अशक्य होते. चित्रपट करणारी स्त्री मात्र हयात होती.