समजून घ्या : बेअरिंगमधले तेल भार कसे पेलते? ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांचा शोध आणि आजचे नॅनोकण

पुण्याकडे जाणाऱ्या एक्स्प्रेसला कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात, कारण पुढे बोरघाटात 37 फुटांमागे 1 फूट चढ आहे. हा मार्ग 1863 मध्ये सुरू झाला, तेव्हा वाफेच्या इंजिनांचे अ‍ॅक्सल साध्या बेअरिंगमध्ये, तेलावर घसरत फिरत. एवढ्या भारातही धातू धातूवर का घासत नाही, याचे गणिती उत्तर ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी दिले. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी त्यांना ‘रेनॉल्ड्स नंबर’मुळे ओळखतात.

कोण होते रेनॉल्ड्स?

जन्म 23 ऑगस्ट 1842, बेलफास्ट. आधी कारखान्यात उमेदवारी, मग केंब्रिजमधून 1867 मध्ये गणिताची पदवी. 1868 पासून 1905 पर्यंत ते मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते. पुढे इलेक्ट्रॉन शोधणारे जे. जे. थॉमसन हे त्यांचे विद्यार्थी.

शोध काय होता?

1883 च्या सुमारास बीचम टॉवर हे इंजिनिअर रेल्वेच्या बेअरिंगची चाचणी घेत होते. तेल सोडण्यासाठी वर पाडलेल्या छिद्रातून तेल उलट बाहेर आले. लाकडी बूच मारले, तर तेही बाहेर ढकलले गेले. 1886 मध्ये रेनॉल्ड्स यांनी कारण मांडले. फिरणारा अ‍ॅक्सल तेलाला निमुळत्या फटीत ओढतो, तेथे दाब वाढतो आणि तो दाबच भार उचलतो.

मग नॅनोकण कशासाठी?

वेग कमी आणि भार जास्त असला की तेलाचा थर पातळ होतो. खोपोलीहून घाट चढणाऱ्या ट्रकचा पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबतो. तेव्हा रिंग आणि सिलिंडरच्या पृष्ठभागांवरचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांना टेकतात आणि झीज होते. यावर उपाय म्हणून तांबे, मॉलिब्डेनम डायसल्फाइड यांचे 100 नॅनोमीटरहून लहान कण तेलात मिसळून पाहिले जातात. ते बारीक ओरखडे भरतात, पृष्ठभागावर संरक्षक थर देतात. काही गोल कण छऱ्यांसारखे गडगडतात.

अडचण काय?

कण एकमेकांना चिकटून गोळे होतात, तळाशी बसतात. प्रमाण जास्त झाले तर झीज उलट वाढू शकते. त्यामुळे डब्यावर ‘नॅनो’ लिहिले म्हणून तेल चांगले ठरत नाही. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला ग्रेड पाहूनच तेल घ्यावे.

रेनॉल्ड्स यांचे 21 फेब्रुवारी 1912 रोजी निधन झाले. बेअरिंगची रचना करताना आजही त्यांचेच समीकरण वापरतात. तेलाचा थर तुटतो, तेथे मात्र ते पुरत नाही. नॅनोकणांचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.