फ्रिट्झ हाबर आणि नत्राचा हिशेब

मुंबई हायमधला नैसर्गिक वायू उरणच्या किनाऱ्यावर ओएनजीसीच्या प्रकल्पात येतो. अलिबागजवळचा थळचा खत कारखाना याच वायूच्या आधारावर उभा राहिला. वायूतला हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन यांपासून तिथे अमोनिया बनतो आणि अमोनियापासून युरिया. ही किमया प्रथम साधली फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने.

हाबर यांचा जन्म ९ डिसेंबर १८६८ रोजी ब्रेस्लाऊ येथे ज्यू कुटुंबात झाला. त्या काळी युरोपातील शेतीला लागणारे बरेचसे नत्र दूरच्या चिलीतून, सोऱ्याच्या रूपात जहाजाने येई. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असूनही पिकांना तो थेट घेता येत नाही. १९०९ मध्ये कार्ल्सरुहे येथे हाबर यांनी प्रचंड दाब, उच्च तापमान आणि उत्प्रेरक वापरून अमोनिया थेंबाथेंबाने मिळवून दाखवला. कार्ल बॉश यांनी या प्रयोगाचा कारखाना केला. १९१३ मध्ये ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले.

पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. नाकेबंदीमुळे चिलीचा सोरा बंद झाला, तेव्हा खतासाठी शोधलेला अमोनिया जर्मनीच्या स्फोटकांकडे वळला. हाबर यांनी विषारी वायूच्या वापराचीही धुरा घेतली. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे क्लोरीन सोडला गेला. त्यानंतर काही दिवसांतच त्यांच्या पत्नी, रसायनशास्त्रज्ञ क्लारा इमरवार यांनी आत्महत्या केली. १९१८ चे नोबेल हाबर यांना मिळाले, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनी नाराजी दाखवली. १९३३ मध्ये नाझी राजवटीने ज्यू सहकाऱ्यांना काढण्याचे फर्मान काढल्यावर त्यांनी राजीनामा देऊन देश सोडला. २९ जानेवारी १९३४ रोजी बाझल येथे त्यांचे निधन झाले.

आज जगातील जवळपास निम्म्या लोकांचे अन्न या पद्धतीने बनलेल्या नत्रावर पिकते, असा अंदाज आहे. मात्र हवेतून काढलेले नत्र पुढे जाते कुठे, हा हिशेब बराच काळ मागे राहिला. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. त्यातले निम्म्याहून अधिक अनेकदा पिकाला मिळतच नाही. काही अमोनिया होऊन उडते. काही नायट्रस ऑक्साइड बनते. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता अडवतो. काही नायट्रेटच्या रूपाने विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक सांगते. जास्त झाल्यास तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते.

म्हणून आता देशाच्या पातळीवर नत्राचा जमाखर्च मांडला जातो. जमेला खत, शेणखत, कडधान्यांच्या मुळांवरचे जिवाणू आणि आयात केलेले अन्न. खर्चाला धान्य आणि दूध. उरलेला फरक बहुतांशी गळतीचा. ती कमी व्हावी म्हणून भारताने २०१५ मध्ये युरियाला निंबोळीचे आवरण सक्तीचे केले आणि २०१८ मध्ये ५० किलोची गोणी ४५ किलोची केली. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत नत्राच्या शाश्वत वापराचा ठरावही भारतानेच मांडला.

हाबर यांच्या अमोनियाने पिके वाढवली आणि स्फोटकेही पुरवली. आता तेच नत्र ताटात जाते की विहिरीत, हे पाहणे वापरणाऱ्यांच्या हाती आहे. शेतकऱ्यासाठी त्याची सुरुवात माती परीक्षणापासून होते.