नगरवैद्य पॅट्रिक गेडीस

वैद्य रोग्याच्या घरी आला म्हणजे आल्याआल्या औषधाची पुडी सोडीत नाही. तो नाडी पाहतो, जीभ पाहतो, भूक कशी आहे, झोप लागते की नाही याची चौकशी करतो आणि मगच उपाय सांगतो. शहरे आणि गावे हीसुद्धा माणसांप्रमाणेच आजारी पडतात व त्यांनाही हाच न्याय लावला पाहिजे, असे मानणारे एक थोर पुरुष स्कॉटलंडमध्ये होऊन गेले. त्यांच्या आयुष्याची उत्तरार्धातील सुमारे दहा वर्षे आपल्या देशातील गल्लीबोळांत पायपीट करण्यात गेली. त्यांचे नाव पॅट्रिक गेडीस.

गेडीस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी बॅलटर या लहानशा गावी झाला. वडील सैन्यात होते. पॅट्रिक अगदी लहान असतानाच हे कुटुंब पर्थ या शहराजवळ राहावयास आले. घराभोवती बाग होती आणि वडिलांना बागकामाची मनापासून आवड होती. वाफे कसे आखावे, कोणत्या झाडास किती अंतर हवे, हे पॅट्रिक त्यांच्याच हाताखाली शिकला. जवळच्या टेकडीवर चढले म्हणजे टे नदी, तिच्या काठी वसलेले शहर आणि भोवतालची शेते एका दृष्टिक्षेपात दिसत. एखादे गाव समजून घ्यावयाचे तर त्याची नदी, जमीन आणि माणसे एकत्र पाहावयास हवीत, हा धडा त्या टेकडीनेच त्याला दिला असावा.

पुढे लंडनला जाऊन गेडीस यांनी थॉमस हक्सली या नामवंत शास्त्रज्ञाजवळ जीवशास्त्राचा अभ्यास केला. सूक्ष्मदर्शकाखाली जीवजंतू निरखीत आयुष्य घालवावे, असा त्यांचा बेत होता. परंतु १८७९ साली वनस्पती आणि प्राणी यांचे नमुने गोळा करण्यासाठी ते मेक्सिको देशात गेले असता त्यांची दृष्टी एकाएकी अधू झाली. डोळ्यांवर पट्टी बांधून कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत राहण्याची पाळी आली. पंचविशीतल्या, पाहणे हेच ज्याचे काम अशा तरुणावर याहून मोठे संकट ते कोणते? चाचपडता चाचपडता त्यांची बोटे खिडकीच्या तावदानांवरून फिरली. त्या चौकटींवरून त्यांना कल्पना सुचली, की आपल्या मनातील विचारही असेच घरांत मांडून ठेवता येतील. मग ते कागदाच्या घड्या घालून चौकोन पाडू लागले आणि एकेका चौकोनात एकेक विषय कल्पू लागले. पुढे दृष्टी परत आली. परंतु सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास काम करणे मात्र जमेना. तेव्हा जंतूंकडे लावलेली नजर त्यांनी माणसांच्या वस्तीकडे वळविली. कागदाच्या घड्यांची सवय त्यांनी जन्मभर सोडली नाही.

एडिंबरो हे स्कॉटलंडच्या राजधानीचे शहर. त्याच्या जुन्या भागात उंचच उंच, कोंदट, अंधाऱ्या चाळी होत्या. सुखवस्तू लोक ती वस्ती सोडून केव्हाच नव्या भागात राहावयास गेले होते. १८८६ साली अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी गेडीस यांचा विवाह झाला आणि थोड्याच काळात हे दांपत्य आपण होऊन त्या जुन्या वस्तीत बिऱ्हाड करून राहिले. स्वतःच्या हातांनी त्यांनी भिंती खरवडल्या, चुना दिला, खिडक्यांत फुलझाडे लावली. हे पाहून शेजारीपाजारीही कामाला लागले. पुढे गेडीस, त्यांची कन्या नोरा आणि काही सहकारी यांनी त्या भागातील मोकळ्या जागांची पाहणी केली. पडकी घरे, कचऱ्याचे ढीग आणि बंद फाटके यांआड दडलेले भूखंड त्यांनी एकेक करून मोजले. अशा जागा थोड्याथोडक्या नव्हेत, तर ७५ निघाल्या आणि त्यांचे क्षेत्र भरले १० एकर! जेथे मुलांना खेळावयास वीतभर जागा नाही असे सारे म्हणत, तेथेच ही जमीन पडून होती. तिच्यापैकी काही तुकड्यांवर वस्तीतील मुलांसाठी बागा उभ्या राहिल्या. नोंद केली नसती तर ती जागा कोणास दिसली असती?

१८८८ पासून गेडीस डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. परंतु त्यांचे मन शहरांतच गुंतले होते. जगातील शहरांचे नकाशे आणि चित्रे जमवून त्यांनी एक मोठे प्रदर्शन तयार केले. १९१४ साली मद्रासच्या गव्हर्नरांनी त्यांना निमंत्रण दिले. गेडीस आपला मुलगा अ‍ॅलिस्टर याच्यासह भारतात येऊन पोहोचले. प्रदर्शनाचे सामान मागाहून दुसऱ्या जहाजाने येत होते. पहिले महायुद्ध नुकतेच पेटले होते. एम्डन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज हिंदी महासागरात बुडविले आणि अनेक वर्षांचा संग्रह समुद्राच्या तळाशी गेला. गेडीस यांनी हाय खाल्ली नाही. मित्रांनी युरोपातून नवे नकाशे पाठविले आणि अवघ्या काही महिन्यांत, १९१५ च्या जानेवारीत, मद्रासला प्रदर्शन भरले.

त्यानंतर ते गावोगाव हिंडू लागले. त्यांची रीत सांगण्यासारखी आहे. नगरपालिकेचा नकाशा हाती घ्यावयाचा आणि भर उन्हात पायी निघावयाचे. प्रत्येक बोळात शिरावयाचे. विहीर कोठे आहे, तिचे पाणी वापरात आहे काय, पिंपळाचा पार कोठे आहे, देऊळ कोठे, मशीद कोठे, कोणते घर धडधाकट आणि कोणते कोसळावयास आले आहे, सांडपाणी कोठे तुंबते, उकिरडा कोणी व का केला, हे सारे टिपावयाचे. नकाशा म्हणजे परीक्षेत रंगवावयाची वस्तू, अशी आपली समजूत असते. गेडीस यांच्या हातचा नकाशा मात्र रोग्याच्या तब्येतीचा कागद असे.

त्या काळचे अनेक अभियंते कचेरीत बसून नकाशावर पट्टी ठेवीत आणि दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता आखीत. रस्त्याच्या वाटेत येणारी घरे पाडली जात. त्यांतील गरीब माणसे शेजारच्या वस्तीत दाटीने राहू लागत आणि रोगराई तिकडे सरके. एकेकाळी भोसले राजांची राजधानी असलेल्या तंजावर शहरातील एका वस्तीसाठी अशीच योजना आखलेली होती व तिला किमान ३०,००० रुपये लागणार होते. गेडीस यांनी ती वस्ती पायी पाहिली. पडावयास झालेली थोडी घरे काढून टाकावीत, मोकळ्या झालेल्या जागी झाड लावावे, चौक करावा, बोळ जरूर तेवढाच रुंद करावा आणि चांगली घरे राहू द्यावीत, असे त्यांनी सुचविले. या कामाचा खर्च होता सुमारे ५,००० रुपये. सुज्ञ शस्त्रवैद्य दुखरे तेवढेच कापतो, हीच ती दृष्टी.

डास होतात म्हणून तळी बुजवावीत, या मताविरुद्धही ते झगडले. तळ्याने हवा थंड राहते, विहिरींना पाणी मिळते. तळे स्वच्छ ठेवा, त्यात मासे सोडा म्हणजे ते डासांच्या अळ्या खातील, असे त्यांचे सांगणे होते. आमचा भंडारा जिल्हा तर तलावांचा जिल्हा म्हणूनच ओळखला जातो. कोहळी शेतकऱ्यांनी बांधलेल्या जुन्या तलावांवर येथील धानाची शेती पिढ्यान्‌पिढ्या पिकली आहे. त्यामुळे गेडीस यांचे हे म्हणणे आम्हांस अधिक पटते. आमच्या शेजारच्या नागपूरच्या नगरपालिकेसाठीही त्यांनी अहवाल लिहिला होता.

१९१७ हे वर्ष त्यांच्या दृष्टीने फार कठीण गेले. एप्रिल महिन्यात अ‍ॅलिस्टर फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. ती वार्ता आली तेव्हा पत्नी अ‍ॅना तापाने अंथरुणास खिळल्या होत्या. त्यांना धक्का सोसणार नाही म्हणून गेडीस यांनी ती बातमी मनातच ठेवली आणि मुलाची जुनी पत्रे ते त्यांना वाचून दाखवीत राहिले. जून महिन्यात कलकत्त्यास अ‍ॅना यांचेही निधन झाले. बासष्ट वर्षांचा हा माणूस परमुलखात एकटा उरला. तरीही त्याच वर्षी तो इंदूरच्या बोळांतून नकाशा घेऊन हिंडताना दिसतो.

इंदूर हे होळकरांच्या राजधानीचे शहर. तेथे प्लेगचे थैमान चालू होते. गेडीस रस्त्याने जाऊ लागले की लोक त्यांच्याकडे बोट दाखवीत व घाबरून दूर होत. चौकशी करता कळले, की हा म्हातारा साहेब प्लेग आणतो अशी वदंता पसरली आहे! लोकांचा तरी काय दोष? कागद घेऊन साहेब आला की पाठोपाठ घर पाडणारे येतात, हाच त्यांचा अनुभव होता. गेडीस रागावले नाहीत. त्यांनी दरबाराकडे एक विलक्षण मागणी केली: एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार आपणांस मिळावा. ती मान्य झाली.

मग दवंडी पिटली गेली. यंदाच्या दिवाळीत एक अपूर्व मिरवणूक निघेल. ती हिंदूंच्या नेहमीच्या मार्गाने जाणार नाही की मुसलमानांच्याही नाही. ज्या मार्गावरील घरे व रस्ते अधिकांत अधिक स्वच्छ आणि दुरुस्त केलेले आढळतील, त्याच मार्गाने ती जाईल. कचरा फुकट वाहून नेण्यात येईल, असेही जाहीर झाले. झाले! सारे शहर झाडू लागले. हजारो गाड्या कचरा बाहेर गेला, भिंतींना रंग लागले, देवळे दुरुस्त झाली, उंदीर पिंजऱ्यांत सापडू लागले. प्लेग पसरतो तो उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे. घर कोनाकोपऱ्यांपर्यंत उपसले की उंदरांचा आसराच नाहीसा होतो. घरोघरी तेच काम आता चढाओढीने होऊ लागले.

मिरवणुकीचा दिवस उजाडला. पुढे हत्ती, घोडे, उंट. नंतर रोगराईची आणि पडक्या घरांची सोंगे. घाणीचा राक्षस आणि प्लेगचा अवाढव्य उंदीर. त्यांच्यामागून आनंदाची वाद्ये वाजू लागली आणि आले शहराचे सफाई कामगार. अंगावर शुभ्र वस्त्रे, डोक्यास नवी पागोटी, हातांतील झाडूंना हार घातलेले, बैलांची शिंगे रंगविलेली. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांना त्या दिवशी मिरवणुकीत मानाचे स्थान मिळाले. माझ्या मते त्या साऱ्या थाटामाटात हाच भाग सर्वांत मोलाचा होता. लक्ष्मीच्या मागून इंदूर नगरीची देवता आली; तिच्या पताकेवर शहराचा नकाशा काढलेला होता आणि योजलेले बदल त्यावर तांबड्या रेषांनी दाखविले होते. म्हणजे गेडीस यांची वही आता चव्हाट्यावर आली होती! शेवटी तुळशीची रोपे वाटण्यात आली आणि राक्षस व उंदीर यांचे दहन झाले. त्यानंतर साहेबाला पाहून पळणारे लोक त्याला आपल्या बोळातील अडचणी सांगू लागले. या पाहणीचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला.

१९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला व गेडीस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना त्यांनीच पुढील अभ्यासासाठी विलायतेस जाण्यास निवडले. पुढे तेच त्या विभागाचे प्रमुख झाले. १९२४ साली प्रकृती खालावल्यामुळे गेडीस भारतातून परतले आणि फ्रान्समध्ये माँपेलिए येथे राहिले. तेथेही त्यांनी माळरानावर वसतिगृह बांधले व भोवती बाग फुलविली. १७ एप्रिल १९३२ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले.

भारतातील गावांवर त्यांनी लिहिलेल्या अहवालांपैकी कित्येक नगरपालिकांच्या कपाटांतच पडून राहिले. १९४७ साली त्यांतील निवडक भाग लंडनमध्ये पुस्तकरूपाने छापले गेले. तंजावरच्या त्या बोळांचे नकाशेही त्या पुस्तकात आहेत. जुन्या वस्तीशेजारीच गेडीस यांनी सुचविलेले चौक आणि झाडे त्यांत दाखविलेली आहेत.