बिनपगारी प्राध्यापिका

माझे आयुष्य बँकेत गेले. त्यामुळे कोणा थोर माणसाचे चरित्र हाती आले, की माझी नजर आधी पगाराचा आकडा शोधते. जर्मन गणिती एमी नोएथर यांच्या चरित्रात तो फार उशिरा येतो.

जन्म १८८२ चा, एर्लांगेनचा. वडील माक्स नोएथर तिथल्याच विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. १९०७ मध्ये एमीबाई डॉक्टर झाल्या आणि पुढे १९१५ पर्यंत त्याच विद्यापीठात त्यांनी फुकट काम केले. वडिलांची प्रकृती बिघडली की त्यांचे तासही त्याच घेत. घरचे बरे होते म्हणून निभले. गरिबाच्या लेकीला हे परवडले नसते.

१९१५ मध्ये हिल्बर्ट आणि क्लाइन या दिग्गजांनी त्यांना गॉटिंगेनला बोलावले. पण शिकवण्याचा परवाना बाईला द्यायला भाषा व इतिहासाच्या प्राध्यापकांनी विरोध केला. हिल्बर्टनी तोड काढली. व्याख्याने त्यांच्या नावावर जाहीर होत, शिकवीत एमीबाई. याच काळात, १९१८ साली, त्यांचे सुप्रसिद्ध प्रमेय आले. निसर्गाचे नियम काल होते तेच आज आहेत, म्हणूनच ऊर्जा अक्षय राहते, असे त्यातून निघते. आजचे पदार्थविज्ञान त्यावर उभे आहे. त्याबद्दल बाईंना विद्यापीठाकडून दमडीही मिळत नव्हती!

१९१९ मध्ये परवाना मिळाला, पण त्यालाही पगार नसे. विद्यार्थ्यांकडून मिळेल ती फी. १९२२ मध्ये नावापुढे प्राध्यापक लागले, तेही बिनपगारी. १९२३ मध्ये जर्मन चलन मातीमोल होत असताना बीजगणित शिकवण्याचे छोटेसे मानधन सुरू झाले. तेव्हा त्या एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. आमच्या बँकेत शिपायालासुद्धा प्रोबेशन संपले की कायम केल्याचे पत्र मिळे. एमीबाईंना गॉटिंगेनमध्ये तसे पत्र कधीच आले नाही. त्यांच्या वर्गातले बीजगणित मात्र व्हॅन डर वेर्डेन यांच्या ग्रंथातून जगभर पोहोचले.

१९३३ मध्ये हिटलरच्या राजवटीने ज्यू म्हणून त्यांचा परवाना काढून घेतला. गंमत पाहा, पगार देताना ज्यांना सरकारी नोकर मानले नव्हते, त्यांना घालवताना कायदा लावला तो सरकारी नोकरांचाच. बाईंनी काही दिवस घरीच शिकवले. मग अमेरिकेत ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात, रॉकफेलर प्रतिष्ठान आणि निर्वासित विद्वानांसाठीच्या मदत समितीच्या पैशांवर, त्यांना जागा मिळाली. तीही तात्पुरतीच.

१४ एप्रिल १९३५ रोजी, गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी, त्या गेल्या. वय ५३. त्यांची रक्षा त्या कॉलेजच्या ग्रंथालयाच्या ओवरीत पुरली आहे.