मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी

पेडण्यातील मांद्रे गावी १८२२ च्या सुमारास रामकृष्ण विठ्ठल लाड यांचा जन्म झाला. हेच पुढे डॉ. भाऊ दाजी म्हणून प्रसिद्धीस आले. वडील मातीच्या बाहुल्या विकत. मुलगा बुद्धिबळात तरबेज. त्याची हुशारी पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्याला इंग्रजी शिकवण्याचा आग्रह धरला आणि कुटुंब मुंबईस गेले.

१८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून ते डॉक्टर झाले. गरिबांना मोफत औषध देत. पण दवाखान्यापुरते त्यांचे मन कधीच राहिले नाही. १८५३ मध्ये विष्णुदास भावे नाटकमंडळी घेऊन मुंबईस आले, तेव्हा भाऊ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अजिंठ्याचे शिलालेख त्यांनी अभ्यासले, जुनी नाणी जमवली.

१८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या पहिल्या हिंदी सभासदांत भाऊ आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी होते. नारायणरावांनी मुंबईच्या साध्या माणसांची छायाचित्रे घेतली. त्या काळी अशा चित्रांखाली बहुधा जात किंवा धंदा छापत, नाव नसे. चेहरे मात्र राहिले.

अमेरिकेतील यादवी संपली, कापसाचे भाव कोसळले आणि १८६५ च्या शेअरबाजारात भाऊंची संपत्ती बुडाली. १८७४ मध्ये ते वारले. भायखळ्याच्या ज्या संग्रहालयासाठी ते झटले, त्याला १९७५ साली त्यांचे नाव मिळाले. आम्हां वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी हा हिशेबही मांडून पाहावा: सट्ट्यातले गेले, समाजासाठी खर्चलेले उरले.