वय वाढताना चयापचय कसा बदलतो? समर्थ रामदासांच्या आयुष्यातून समजून घेऊ या

घरातल्या आजोबांचे जेवण कमी होते. सदरा ढगळ होतो. जमिनीवर बसले की उठताना भिंतीचा आधार लागतो. आपण म्हणतो, वय झाले, चालायचेच. यातले किती खरोखर वयामुळे होते आणि किती आपल्या हातात असते, हे या लेखात पाहू. त्यासाठी जालना जिल्ह्यात जन्मलेल्या, तुम्हाला चांगल्या परिचित असलेल्या एका माणसाचे आयुष्य सोबतीला घेऊ. समर्थ रामदासांना तुम्ही संत म्हणून ओळखता. आज त्यांच्या आयुष्याकडे बाळपण, तारुण्य आणि म्हातारपण या टप्प्यांनी पाहू.

चयापचय म्हणजे काय?

खाल्लेल्या अन्नातून ऊर्जा काढणे, तिच्यातून शरीर बांधणे आणि दुरुस्त करणे, उरलेली साठवणे, या सगळ्या कामांना मिळून चयापचय म्हणतात. तुम्ही गाढ झोपेत असतानाही हृदय, मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडे ऊर्जा वापरत असतात. दिवसभरात खर्च होणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग अशा विश्रांतीच्या अवस्थेतच जातो. बाकीची ऊर्जा हालचालीला आणि अन्न पचवायला लागते.

जांब: वाढीचे वय

घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थांचे जन्मगाव. म्हणून आज ते जांब समर्थ म्हणून ओळखले जाते. शके १५३०, म्हणजे सन १६०८ मध्ये रामनवमीला त्यांचा जन्म झाला. पाळण्यातले नाव नारायण. वडील सूर्याजीपंत ठोसर, आई राणूबाई, थोरले भाऊ गंगाधर. नारायण लहान असतानाच वडील गेले. मुलगा हूड आणि चपळ होता, असे परंपरा सांगते.

लहान मुलांच्या अंगात इतका जोर कुठून येतो, असे तुम्हालाही वाटत असेल. शरीराचे आकारमान हिशेबात घेतले, तर एक वर्षाच्या बाळाचा ऊर्जाखर्च मोठ्या माणसापेक्षा सुमारे ५० टक्के जास्त असतो. तिथून तो विशीपर्यंत हळूहळू उतरतो आणि मग स्थिरावतो. म्हणून वाढत्या वयातली उपासमार शरीराला फार महागात पडते.

बाराव्या वर्षी नारायणाचे लग्न ठरले. मंगलाष्टकांतला सावधान हा शब्द कानावर पडताच तो बोहल्यावरून निघून गेला, ही कथा तुम्ही ऐकली असेल. गोदावरीच्या काठाने तो नाशिकला पोहोचला.

टाकळी: स्नायूंची शिल्लक

नाशिकजवळच्या टाकळीला त्यांनी सुमारे बारा वर्षे साधना केली. पहाटे सूर्यनमस्कार, मग नदीच्या पाण्यात उभे राहून दुपारपर्यंत जप, त्यानंतर माधुकरी मागून जेवण आणि पुढे ग्रंथांचे वाचन, असा त्यांचा दिनक्रम सांगितला जातो. ते रोज बाराशे नमस्कार घालत, अशी परंपरा आहे. आकडा बाजूला ठेवला तरी बारा ते चोवीस या वयात त्यांनी शरीराकडून भरपूर काम करून घेतले, हे दिसते.

डॉक्टर म्हणून आम्हाला हे वय महत्त्वाचे वाटते. हाडे आणि स्नायू साधारण तिशीपर्यंत भरतात. ही बँकेतली शिल्लक समजा. पुढच्या आयुष्यात त्यातूनच खर्च होतो. तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी दिवसभर मोबाइल घेऊन बसत असेल, तर आज वजन वाढत नसले तरी ही शिल्लक कमी पडते आहे, हे लक्षात घ्या.

चोवीस ते साठ: चयापचय खरोखर मंदावतो का?

टाकळीहून निघाल्यावर पुढची सुमारे बारा वर्षे समर्थांनी भारतभर पायी तीर्थाटन केले. मग ते जांबला येऊन आईला भेटले. राणूबाई तोवर म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि त्यांची दृष्टी गेली होती, असे सांगतात. सन १६४४ च्या सुमारास, वयाच्या छत्तिशीत, ते कृष्णाकाठी आले. १६४८ मध्ये चाफळला राममंदिर उभे राहिले. त्या वर्षांत सातारा, सांगली आणि कोल्हापूरच्या मुलखात त्यांनी अकरा मारुती स्थापन केले. शक्तीची उपासना लोकांत रुजावी हा त्यामागचा हेतू होता. शिवथरघळीत दासबोधाचे लेखन झाले. चाळिशी आणि पन्नाशीतही डोंगर चढणे-उतरणे त्यांना चुकले नाही.

चाळिशीनंतर चयापचय मंदावतो म्हणून पोट सुटते, असा समज सर्वत्र आहे. २०२१ मध्ये सायन्स या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांचा ऊर्जाखर्च पाहिला होता. आठ दिवसांच्या बाळापासून पंच्याण्णव वर्षांच्या वृद्धापर्यंत सर्व वयाचे लोक त्यात होते. शरीराचे आकारमान हिशेबात घेतल्यावर दिसले, की वीस ते साठ या वयात चयापचयाचा वेग जवळपास सारखाच राहतो.

मग पोट का सुटते? बैठे काम, अपुरी झोप, ताण आणि तेच ताट, पण कमी झालेली हालचाल, ही त्याची मुख्य कारणे आहेत. शिवाय तिशीनंतर वापर नसेल तर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि त्यांची जागा चरबी घेते. वजनकाट्यावर हे दिसत नाही. जेवणातली साखर उचलून घेण्याचे मोठे काम स्नायू करतात. म्हणून ते घटले की मधुमेहाचा धोका वाढतो. पाळी बंद झाल्यावर स्त्रियांमध्ये चरबी पोटाकडे साठू लागते.

थोडक्यात, पन्नाशीत वजन वाढले तर सगळा दोष वयाला देऊ नका. यातले बरेच काही तुमच्या हातात आहे.

सज्जनगड: साठीनंतरचे बदल

१६७६ मध्ये समर्थ साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर कायमचे राहायला आले. वय अडुसष्ट. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्यांनी म्हातारपणी देहाची आणि माणसाच्या एकटेपणाची होणारी दशा कसलाही आडपडदा न ठेवता वर्णिली आहे. घरात वृद्ध असलेल्या कुणालाही ते वर्णन ओळखीचे वाटेल.

साठीनंतर मात्र चयापचय खरोखर उतरणीला लागतो. वरच्याच अभ्यासानुसार ही घट वर्षाला सुमारे ०.७ टक्के असते. नव्वदीत ऊर्जाखर्च मध्यम वयाच्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांशाने कमी झालेला असतो. त्यासोबत आणखी बदल होतात:

• तहान कमी लागते. त्यामुळे उन्हाळ्यात शरीरातले पाणी कमी झाल्याचे लवकर कळत नाही.
• मूत्रपिंडे आणि यकृत औषधे सावकाश बाहेर टाकतात. वर्षानुवर्षे चालू असलेला डोसही जास्त होऊ शकतो.
• तेवढ्याच प्रथिनांतून पूर्वीइतका स्नायू बांधला जात नाही.

इथे अनेक घरांत चूक होते. ऊर्जा कमी लागते म्हणून आजीला चहा-बिस्किटे आणि मऊ भात एवढ्यावर ठेवले जाते. कॅलरी थोड्या कमी लागतात हे खरे, पण प्रथिनांची गरज कमी होत नाही, उलट थोडी वाढते. रोज दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला साधारण ६० ते ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

घरी काय कराल?

• प्रत्येक जेवणात वरण, उसळ, दूध, दही, पनीर, अंडे किंवा मासे यांपैकी काहीतरी असू द्या. भाकरी चावत नसेल तर दुधात किंवा वरणात कुस्करून द्या. कवळी सैल असेल तर दंतवैद्याला दाखवा.
• बाराशे नमस्कारांची गरज नाही. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, सकाळ-संध्याकाळ दहा वेळा, एवढ्यानेही सुरुवात होते. आठवड्याला १५० मिनिटे चालणे आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम हे ध्येय ठेवा. हृदयविकार किंवा गुडघेदुखी असेल तर आधी तपासून घ्या.
• जालन्याची मोसंबी जरूर खा, पण मधुमेह असेल तर रसापेक्षा फोडी बऱ्या.
• एकादशी किंवा रामनवमीचा उपवास करण्याआधी मधुमेहाच्या औषधांबद्दल विचारा. काही गोळ्या आणि इन्सुलिन उपाशीपोटी घेतल्यास साखर धोकादायकरीत्या उतरते. घाम, थरथर किंवा गोंधळ जाणवला आणि व्यक्ती शुद्धीवर असेल, तर लगेच साखर द्या आणि उपवास सोडा. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने काही न देता तातडीने दवाखान्यात न्या.

शेवटचा टप्पा

१६८० मध्ये शिवाजी महाराज गेले. त्यानंतर समर्थांचे बाहेर जाणे जवळपास थांबले. शेवटच्या दिवसांत त्यांनी अन्न सोडले होते, असे सांगतात. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला, म्हणजे १६८२ मध्ये, सज्जनगडावर त्यांनी देह ठेवला. वय त्र्याहत्तर. ही तिथी दासनवमी म्हणून पाळली जाते.

असाध्य आजाराच्या अखेरच्या दिवसांत भूक मावळते, ते शरीराचे स्वाभाविक वळण असते. तेव्हा बळेबळे भरवू नये. पण हिंडत्या-फिरत्या आजोबांनी जेवण टाकणे ही वेगळी गोष्ट आहे. सहा महिने ते वर्षभरात प्रयत्न न करता ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरले, म्हणजे ६० किलोचे ५७ किलोच्या खाली गेले, तर डॉक्टरांना दाखवा. त्यामागे थायरॉइड, क्षयरोग, मधुमेह, कर्करोग, नैराश्य, दातांचे दुखणे किंवा एखादे औषध असू शकते. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत.

म्हणून पुढच्या वेळी वय झाले असे म्हणण्याआधी आजोबांचे वजन करा, ते वहीत लिहून ठेवा आणि तपासणीला जाताना ती वही व सगळी औषधे सोबत न्या.